राखलेला टाका

समरकंदच्या त्या रुग्णालयात बारीक शस्त्रक्रियेचा मायक्रोस्कोप एकच होता, आणि तो ताश्कंदला पाठवायची लाकडी पेटी सुताराकडून आधीच तयार होऊन आली होती. पेटी ऑपरेशनच्या खोलीबाहेर भिंतीशी पडून असे. जातायेता डॉक्टर मुहय्योचा पांढरा कोट तिच्या एका खिळ्याला अडके. खिळा ठोकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. जी चार दिवसांची पाहुणी, तिच्या खिळ्याची चिंता कोण करणार?

गोष्ट अशी होती. आसपासच्या गावांत कडबा कापायची यंत्रं घरोघर, आणि माणसांच्या बोटांना त्या यंत्रांचं भय उरलेलं नाही. अधूनमधून कुणीतरी तुटलेलं बोट रुमालात गुंडाळून, टोपी मागे सारून, बघा काही जमतंय का, अशा चेहऱ्यानं दारात उभा राही. बोट जोडायचं म्हणजे नुसतं हाड आणि कातडी जुळवून भागत नाही, आतली धमनी जोडावी लागते. ती धमनी लग्मानच्या रश्शातल्या शेवईच्या पावपट जाड. तिला केसाहून बारीक दोऱ्यानं गोल आठ टाके घालायचे, तेही मायक्रोस्कोपमधून बघत, आणि एवढं करून थेंब गळता कामा नये. ताश्कंदच्या थोरामोठ्यांचं म्हणणं सरळ होतं: समरकंदमध्ये असा तयार हात कुणाचाच नाही, मग यंत्र तिथं धूळ खात का ठेवावं? गुरुवारी प्रोफेसर हिकमतुल्ला दोमला स्वतः येऊन बघणार होते. त्यांना पटलं तर यंत्र इथंच राहणार आणि मुहय्यो त्यावर बाकीच्या तरुण डॉक्टरांना शिकवणार. नाही पटलं तर त्याच संध्याकाळी पेटीत. मग रुमालातल्या बोटाला ताश्कंदची वाट धरावी लागणार. आणि तुटलेलं बोट काही खरबूज नव्हे, चार दिवस गवतात ठेवलं तर आणखी गोड व्हायला.

हात तयार व्हायचा तर सराव हवा. सरावासाठी परदेशातून बनावट धमन्या येत, पण तसल्या एका धमनीच्या किमतीत जाड शेपटीची मेंढी आली असती, आणि मेंढी निदान खाता तरी येते. म्हणून गेला सबंध हिवाळा मुहय्योनं स्वयंपाकघरात स्वतःच धमन्या केल्या. खिडकीच्या काचा बसवायचं सिलिकॉन आणलं. नवऱ्याचा मासे धरायचा नायलॉनचा दोरा घेतला. दोऱ्याला साबण चोळायचा, वर सिलिकॉनचा पातळ लेप द्यायचा, वाळला की दोरा हलकेच ओढून घ्यायचा. मागे राहते ती मऊ, पोकळ, काचेसारखी नळी. ती मधोमध कापून हलव्याच्या डब्याच्या झाकणात बसवायची आणि टाके घालून पुन्हा जोडायची. मग एका टोकाला सलाईनची नळी लावून वरच्या बाटलीतून डाळिंबाचा रस सोडायचा. रस गळला तर माणूस गेला, नाही गळला तर वाचला.

नवरा शुहरत शाळेत भूगोल शिकवी आणि रविवारी झरफशानच्या काठी गळ टाकून बसे. तो म्हणायचा, "दोरा आता इतका आखूड झालाय, की मासा धरायचा तर मलाच पाण्यात उतरून त्याला हात द्यावा लागेल."

धमन्या झकास झाल्या, टाकेही झाले. पण एक खोड होती. कुणी वडीलधारं माणूस बघत असलं, की मुहय्योचा हात कापायचा. परिचारिकांसमोर, तरुण डॉक्टरांसमोर काही नाही. पण एखादी पांढरी दाढी किंवा पांढरा रुमाल खांद्यावरून डोकावला, की बोटं वाऱ्यावरच्या पानासारखी.

ही खोड तिच्या लग्नाइतकीच जुनी. नव्या नवरीनं पहिल्या सकाळी सगळ्या सासरच्यांना वाकून सलाम करायचा आणि चहा द्यायचा. प्याला अर्धाच भरायचा, कारण अर्धा प्याला म्हणजे बसा, पुन्हा भरते. काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ, आता उठा. शुहरतचे चुलत आजोबा समोर बसले होते. त्यांच्या दाढीची कीर्ती चार महल्ल्यांत. सगळ्यांच्या नजरा हातावर खिळल्या, हात थरथरला, प्याला काठोकाठ भरला आणि वर जे उरलं ते दाढीत गेलं. म्हणजे एकाच दमात वडिलांना घराबाहेर काढलं आणि न्हाऊही घातलं. सासू तोजिनिसा ओयी एवढंच म्हणाल्या, की असू दे, पांढऱ्या दाढीला चहाचा रंग शोभतो. सगळे हसले. बोलणं मायेचंच होतं. पण हाताला ते कधी पटलं नाही.

म्हणून मुहय्योनं गुरुवारसाठी बेत आखला. एक धमनी घरीच निवांतपणे आठ टाके घालून पुरी करून ठेवायची आणि दोमलांसमोर नुसती रसाची तोटी उघडायची. यात कपट काही नव्हतं, टाके तिचेच होते. घालताना कुणी बघू नये, एवढीच तिची इच्छा. मंगळवारी धमनी पुरी झाली. रस सोडून बघितला, एक थेंब आला नाही. झाकण तिनं खिडकीच्या फळीवर, घड्याळजीच्या जुन्या भिंगाखाली ठेवलं.

आता तोजिनिसा ओयींबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यांच्याच पुण्याईनं घडलं.

त्या महल्ल्याच्या ओतिन-ओयी होत्या. बायकांच्या बैठकीत किताब वाचायचा, आख्यान गायचं, मध्ये थांबून निरूपण करायचं, चार सासवांना टोचायचं आणि चार सुनांना हसवायचं, हा त्यांचा अधिकार. आवाज काही मधाळ नव्हता, जुन्या दाराच्या कडीसारखा जरा खरखरीतच. पण त्या गाऊ लागल्या, की ऐकणारीला वाटे, हे दार आपल्यासाठीच उघडतंय. सुख म्हणून जे काही या जगात आहे, त्यात चांगल्या आख्यानाला बसायला मिळणं हे फार वरचं सुख. त्या बैठकीत भांडणं विरून जात, आणि ज्यांची विरत नसत त्याही निदान तेवढा वेळ गप्प बसत.

त्यांच्या निरूपणात एक गोष्ट दर खेपेला येई. पूर्णत्व एकट्या खुदाचं. माणसानं हातातलं काम पुरं करून मोकळं होऊ नये, त्यात इवलंसं काही राखून ठेवावं. सुझानीचा भरतकामाचा पडदा भरणारी बाई एक पान तसंच सोडते, म्हणजे घरातलं भरणंपुरणं चालू राहतं आणि दृष्टही लागत नाही. ओयींच्या स्वतःच्या भिंतीवरच्या सुझानीत डाळिंबाचं एक पान शुहरतच्या जन्मापासून कोरं होतं. पण ओयी सुझानीवर थांबल्या नव्हत्या. त्यांच्या कुंपणाची एक फळी रंगाशिवाय असे, मुरंब्याची एक बरणी झाकणाशिवाय, आणि शुहरतच्या प्रत्येक सदऱ्याला एक बटण कमी. शाळेतली मुलं त्याला मागून काय म्हणत, ते इथं सांगण्यासारखं नाही.

बुधवारी ओयींनी सुनेसाठी मुश्किलकुशोची बैठक मांडली. मुश्किलकुशो म्हणजे अडलेल्यांच्या गाठी सोडवणारा. बायका गोल बसून बेदाण्यांचे देठ काढतात, ओतिन-ओयी आख्यान गाते, आणि आख्यान संपेतो बेदाणे साफ झालेले असतात. मुहय्यो रुग्णालयात खोली आवरायला गेली होती. ती परतली तेव्हा आख्यान आटोपलं होतं आणि सगळ्या जणी खिडकीपाशी भिंगाला डोळा लावण्यासाठी एकमेकींना ढकलत होत्या. ओयी अभिमानानं दाखवत होत्या, की आमच्या केलिनचं, सूनबाईचं काम बघा. शेजारची होसियत ओपा म्हणाली, की असलं भरतकाम करायला डोळे मुंगीचे आणि मन उंटाचं हवं. सगळ्यांनी मुहय्योच्या तोंडात एकेक बेदाणा घातला आणि तिच्याकडे अशा काही नजरेनं बघितलं, जशी शाल न घेता थंडीत निघालेल्या पोरीकडे आई बघते. तिला वाटलं, ही माया आहे. आणि ती मायाच होती. तिनं झाकण तसंच उचललं, कापडात बांधलं आणि सकाळी घेऊन गेली.

हिकमतुल्ला दोमला उंच, वाळकुडे, आणि बोलणं असं मोजकं, की शब्दाला भाडं पडतं असं वाटावं. त्यांनी नखानं धमनी दाबून बघितली आणि विचारलं, की ही कशाची. मुहय्योनं सांगितलं, की खिडकीच्या सिलिकॉनची. दोमला म्हणाले, की खिडकीतून वारा येऊ नये म्हणून ते करतात, रक्त जाऊ नये म्हणून नव्हे. रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर उगाच हसले. मायक्रोस्कोपमधलं चित्र दाखवणारा मोठा पडदा अजून चालू केलेला नव्हता. मुहय्योला तोटी उघडायची घाई झाली होती. तिनं बिस्मिल्ला म्हणून तोटी फिरवली.

डाळिंबाचा रस वर आला, जोडापाशी पोचला आणि चहूबाजूंनी उडाला. एक धार दोमलांच्या टायवर, एक चष्म्यावर, आणि एक बारीकशी पार मुख्य डॉक्टरांच्या कपाळावर. तोटी बंद करायला हात पुढे करायचं भानही कुणाला राहिलं नाही. दोमलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "ही धमनी आहे की बागेतलं कारंजं?"

मुख्य डॉक्टरांनी दाराबाहेरच्या पेटीकडे बघितलं आणि कुणाला तरी सुताराला बोलवायची खूण केली. मुहय्योनं कशीबशी तोटी बंद केली, रस टिपला आणि मायक्रोस्कोपला डोळे लावले. आठांपैकी दोनच टाके जागेवर होते. बाकीचे सुटलेले नव्हते, तुटलेलेही नव्हते. ते कापलेले होते, नळीला जराही इजा न करता, अगदी हळुवार. वैरी असा कापत नाही. तिला कालच्या त्या नजरा आठवल्या.

त्याच वेळी बाहेरून गरम पातिर रोट्यांचा वास आला. ओयी आणि कालच्या सगळ्या बायका मोठ्या पाहुण्यांसाठी रोट्या आणि बैठकीतले बेदाणे घेऊन आल्या होत्या. दाराबाहेर त्यांनी आपापल्या वहाणा ओळीनं काढून ठेवल्या होत्या. मुहय्यो बाहेर गेली.

"ओयीजोन," ती म्हणाली, "माझ्या धमनीला कात्री कुणी लावली?"

ओयी गोऱ्यामोऱ्या झाल्या नाहीत. नखं कापायच्या कात्रीनं आपणच लावली, असं त्यांनी सांगितलं. पोरीनं सगळेच्या सगळे टाके पुरे केलेले त्यांनी बघितले होते. एवढं मोठं काम, एवढे मोठे पाहुणे, आणि राखलेलं काही नाही. मग त्यांनी एकच टाका काढला, अगदी मागच्या बाजूचा, कुणाला दिसू नये असा.

"एक?" मुहय्यो म्हणाली. "सहा गेलेत."

ओयी वळल्या आणि त्यांनी होसियत ओपाकडे बघितलं. होसियत ओपानं रोट्यांवरचं कापड उगाच सारखं केलं. तोजिनिसा चहा आणायला आत गेली, तेव्हा आपण भिंगातून बघितलं, असं ती म्हणाली. टाके सगळे होते असं वाटलं, म्हणून आपण एक काढला. मागची बाजू भिंगात दिसतच नाही, त्याला ती काय करणार? तिच्यामागची पुटपुटली, की तिनंही एकच. तिच्यामागची तर रडायलाच लागली आणि म्हणाली, की खुदाशप्पथ, मलाही वाटलं कुणाच्या लक्षात नाही आलं, पोरीला दृष्ट लागेल. प्रत्येकीनं एकच काढला होता, प्रत्येकीनं दुसरीपासून लपवून, आणि प्रत्येकीनं तिच्या भल्यासाठी.

दोमला दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी विचारलं, की बैठक कुणाच्या नावानं मांडली होती.

"गाठी सोडवणाऱ्याच्या," ओयी म्हणाल्या.

"मग त्यानं ऐकलं म्हणायचं," दोमला म्हणाले.

कुणाला हसावं की नाही ते कळेना. दोमला पुढे म्हणाले, की हे सगळं खरं असेलही. त्यांच्या स्वतःच्या आईनं शहरिसब्झला जन्मभर सुझानी भरली, कोरं पान काय असतं ते त्यांना ठाऊक आहे. पण यंत्र ते कहाणीवर सोडून जाऊ शकत नव्हते. टाके मुहय्योचे होते याला कात्री लावणाऱ्यांची साक्ष चालणार नव्हती.

"सहा टाके गेलेत ना," ते म्हणाले, "ते आता घाला. माझ्यासमोर."

झालं. ज्या विहिरीला वळसा घालून जायचं, त्याच विहिरीत पाय. मुहय्यो स्टुलावर बसली. दोमलांनी आता तो मोठा पडदाही लावायला सांगितला. पडद्यावर चिमटा दिसू लागला, खांबाएवढा, आणि त्यात धरलेली सुई वादळातल्या चिनारासारखी हेलकावे घेऊ लागली. मागे दोमला, बाजूला मुख्य डॉक्टर, दारात ओयी. सुई पडली. असला दोरा एकदा पडला की धुळीत मिळाला. तिनं दुसरी घेतली. तीही धमनीच्या आसपास फिरून फिरून, जणू कुणाचं घर विचारत, शेवटी चिमट्यातून निसटली. दोमलांनी घड्याळाकडे बघितलं.

"दोमला," ओयी दारातून म्हणाल्या, "मी दोन कडवी म्हणू का?"

"ही ऑपरेशनची खोली आहे, ओयी. बैठक नव्हे."

"रोगी कुठं आहे? खिडकीचं सिलिकॉन तर आहे."

बरोबरच होतं ते, रोगी नव्हता. मग त्यांनी जरा रागानंच विचारलं, की एवढ्या बायका बसणार कुठं. होसियत ओपा म्हणाली, की बाहेर ती पेटी रिकामीच आहे. सुतार तेवढ्यात हातोडी घेऊन आला होता. त्याच्याकडूनच त्यांनी पेटी दारात आडवी करून घेतली आणि तिच्यावर ओळीनं बसल्या. बेदाण्यांचे मूठभर देठ काढायचे राहिले होते, तेही मांडीवर घेतले. रिकाम्या हातानं ऐकायचं नसतं.

ओयींनी घसा साफ केला आणि पालुपद धरलं:

गाठ बांधिली कुणी, ठाऊक नाही रे,
सोडविणारा दाराशी उभा राही रे.

आणि त्या स्वरासरशी मुहय्योचा हात खाली बसला, जसं दाराशी वाजलेल्या ओळखीच्या काठीच्या आवाजानं कुत्रं खाली बसतं. तिला स्वतःलाच नवल वाटलं. मग लक्षात आलं. सबंध हिवाळाभर ती स्वयंपाकघरात टाके घालत होती आणि पलीकडच्या खोलीत ओयी आख्यानाचं पालुपद घोळवत होत्या. पहिल्या ओळीला सुई आत, दुसऱ्या ओळीला बाहेर, आणि "राही रे"ला गाठ घट्ट. हाताला हे कधीचंच पाठ होतं, त्यानं तिलाच सांगितलं नव्हतं. आणि तेवढा सगळा वेळ मधलं दार उघडं असायचं. ओयी तिथून बघतच असणार. म्हणजे वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली ती शेकडो टाके घालून बसली होती, आणि कुणाच्या दाढीला काही झालं नव्हतं.

पहिला टाका बसला. ओयींचं आख्यान सुरू झालं.

एक म्हातारी होती. तिची एकच शेळी. शेळी एकदा खानाच्या बागेत शिरली आणि खानाला चीनहून नजराणा आलेलं गुलाबाचं एकुलतं एक फूल खाऊन आली. खान म्हणाला, की शेळीचं पोट चिरा आणि माझं फूल काढा. म्हातारी म्हणाली, महाराज, दूध काढा, फूल त्यातच उतरेल. इथं ओयी थांबल्या आणि म्हणाल्या, की मोठ्या माणसाला उपाय सांगू नये, त्याला तो स्वतः सुचू द्यावा; आणि मुख्य डॉक्टर का कोण जाणे, खाली बघू लागले. दुसरा टाका बसला. खानानं हुकूम दिला, की सूर्य डोक्यावर आला की सुरी चालवा. म्हातारी निघाली गाठ सोडवणाऱ्याला शोधत. वाटेत तिला आधी एक आंधळा विहीर खणणारा भेटला, त्यानं तिला एक दगड दिला. मग एक माहेराहून परत चाललेली नवरी भेटली, तिनं आपल्या ओढणीचा एक धागा दिला. तिसरा आणि चौथा टाका तेवढ्यात बसला. मुहय्योनं धमनी पालथी केली.

दोमला पडद्यासमोर उभे होते, पण त्यांचे डोळे पडद्यावर होते आणि कान पेटीवर. एकदा ओयी श्वास घ्यायला थांबल्या, तर त्यांनी नकळत मान हलवली, पुढे, पुढे. सुतार हातोडी मांडीवर ठेवून खाली बसला होता आणि देठ काढत होता.

पाचवा टाका बसला. म्हातारी दगड आणि धागा घेऊन धावत परतली, तर मैदानात माणसं जमलेली. शेळीचे पाय बांधलेले. खान गच्चीवर. सूर्य माथ्यावर यायला पाव हात उरलेला.

आता एकच टाका उरला, अगदी मागच्या बाजूचा, ओयींनी काढलेला तो. मुहय्योनं सुई उचलली आणि तिला जाणवलं, की पेटीवरचं देठ काढणं थांबलंय. होसियत ओपा खोकली. दुसरी खोकली. मग होसियत ओपा अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं म्हणाली, "एवढा राहू दे गं, पोरी."

मुहय्योचा हात थांबला. कापत नव्हता, नुसता थांबला होता. हा टाका राहिला तर रस उडणार आणि यंत्र जाणार. हा टाका घातला तर जिच्या घरात नऊ वर्षं राहिली, जिच्या गाण्याच्या आधारानं आत्ता हात चालवत होती, तिचं सगळं निरूपण तिच्याच डोळ्यांदेखत खोटं पाडायचं. तिनं मायक्रोस्कोपवरून डोळे उचलले आणि सासूकडे बघितलं.

ओयी गातच होत्या. जल्लादानं सुरी उपसली. शेळीनं म्हातारीकडे बघितलं. म्हातारीनं दगडाला धागा बांधला, हात वर उचलला, सूर्य बरोब्बर डोक्यावर आला, जल्लादाचा हात खाली यायला लागला, आणि—

आणि ओयींनी तोंड मिटलं.

दोमला वळले. ओयींनी मांडीवरचा एक बेदाणा देठासकट उचलला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"माझं राखून झालं," त्या म्हणाल्या. "तू तुझं पुरं कर, केलिन."

पेटीवरच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. इतक्या वर्षांत ओयींनी आख्यान अर्धं सोडलेलं कुणी ऐकलं नव्हतं. सुझानीचं पान सोडणं वेगळं, मुरंब्याचं झाकण सोडणं वेगळं. पण ओतिन-ओयीनं आख्यान सोडायचं म्हणजे भाकरवालीनं पीठ भट्टीबाहेर ठेवण्यासारखं. मुहय्योनं डोळे पुसले, कारण ओल्या डोळ्यांनी मायक्रोस्कोपमध्ये सगळं दुहेरी दिसतं, आणि शेवटचा टाका घातला. गाण्याशिवाय घातला. गाठ नीट बसली.

तोटी उघडली. रस वर आला, जोडापाशी पोचला आणि काही घडलंच नाही अशा थाटात पलीकडे निघून गेला. मुख्य डॉक्टरांनी सवयीनं कपाळावर हात धरला होता, तो त्यांनी खाली घेतला. दोमला झाकणावर वाकले, चष्मा वर सारून बघितलं, खाली सारून बघितलं, जोडाखाली पांढरा कागद धरला. कागद पांढराच राहिला.

"हं," दोमला म्हणाले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी ते वळले, पण मुहय्योकडे नाही.

"आणि शेळी?" त्यांनी विचारलं.

ओयींनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्या म्हणाल्या, की दोमलांची आई शहरिसब्झची, तेव्हा राखलेलं लगेच मागू नये हे त्यांना सांगायला नको. दोमलांनी मुख्य डॉक्टरांकडे बघितलं, जणू रुग्णालयाच्या अधिकारात काही करता येतं का ते. मुख्य डॉक्टरांनी हात वर केले.

तेव्हा दोमला सुताराला म्हणाले, की पेटी उचलायची गरज नाही, बायका बसल्या आहेत. यंत्र तूर्त इथंच राहील. डॉक्टर मुहय्यो बाकीच्यांना शिकवतील, त्या धमन्या ताश्कंदलाही थोड्या पाठवतील, आणि शिकवणी कशी चाललीय ते बघायला आपण शरदात स्वतः येऊ. मग पेटीवरच्या ओयींकडे बघून त्यांनी जोडलं, की दिवस मात्र बैठकीचाच हवा. बुधवारी.

मग चहा झाला. मुहय्योनं स्वतः ओतला, दोमलांना पहिला. सगळे बघत होते, ओयीही. प्याला अर्धा भरून तिनं चहादाणी अशी वर घेतली, की एक थेंब बशीत पडला नाही. दोमलांनी तो प्यायला, पुन्हा पुढे केला, पुन्हा अर्धा घेतला. पातिरचा शेवटचा तुकडा मात्र कुणीच उचलला नाही.

संध्याकाळी घरी शुहरतनं सगळं दोनदा ऐकलं. बायकांच्या बैठकीला पुरुषांनी बसायचं नसतं, त्यामुळे आईचं आख्यान त्यानं जन्मात पुरं ऐकलेलं नव्हतं. लहानपणी दाराआडून ऐकायला जावं, तर दर वेळी सुरी वर गेली की कुणीतरी कान धरून हाकलून देई. तेव्हा त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, की मग त्या शेळीचं झालं काय.

ओयींनी सुनेकडे बघितलं. सुनेनं ओयींकडे बघितलं. मग दोघी एकदम हसायला लागल्या, इतक्या, की ओयींना डोळ्याला रुमाल लावावा लागला. शुहरत उठला. मग आपल्या सदऱ्याचं जे बटण नव्हतं ते चाचपत, उरलेला दोरा गळाला गुंडाळायला बाहेर निघून गेला.